माझ्या मापाची छत्री

गेल्या महिन्यातल्या एका संध्याकाळी, विमानातून मारायच्या दिवसभराच्या उड्या आटोपल्यावर, मी सामानाच्या खोलीत माझ्या छत्रीची, म्हणजे पॅराशूटची, घडी घालत बसले होते. हे काम मला आजही नीट जमत नाही. छत्रीचे कापड हवा मुळीच आरपार जाऊ न देणारे असते आणि साबण लावल्यासारखे हातातून निसटत राहते. घडीत अडकलेली हवा काढून टाकण्यासाठी तिच्यावर गुडघे रोवावे लागतात, प्रसंगी पालथे पडावे लागते. जड माणूस एकदा अंग टाकतो आणि कापड मुकाट्याने बसते. मी अंग टाकले की ते एका बाजूने दबते, दुसऱ्या बाजूने फुगते आणि मलाच वर उचलून ठेवते. ही झटापट चालली असताना दादा मागून आला. त्याने खुंटीवरची एक लहानशी रिग, म्हणजे पट्ट्यांनी पाठीवर बांधायची छत्रीची पेटी, एका हाताने उचलून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, ‘‘हा पसारा आता सोड. ही घे, एकशे पस्तीसची आहे. तुझ्याच मापाची.’’ खोलीतले सगळे हसले, मीही हसले. दादाच्या हजारावर उड्या झालेल्या आहेत, वजन नव्वद किलो आहे, आणि कोणाची रिग अडली तर स्वतःचे जेवण टाकून धावणारा तो माणूस आहे. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरीही रात्री अंथरुणावर पडल्यावर तेवढेच दोन शब्द पुन्हा पुन्हा कानात येत राहिले.

माझे माप म्हणजे नेमके कोणते?

माझे वजन अठ्ठेचाळीस किलो आहे. लहानपणापासून मी काडीपैलवान या नावाला आणि ‘फुंकर मारली तर उडून जाशील’ या वाक्याला सरावलेली आहे. पावसाळ्यात वडिलांची मोठी काळी छत्री घेऊन निघाले, की एखाद्या वळणावर वारा तिच्यात शिरायचा आणि मी दोन-चार पावले फरफटत जायचे. छत्री सोडून द्यावी की घट्ट धरावी हे त्या क्षणी कधीच ठरत नसे. सोडली तर ओरडा बसणार होता आणि धरली तर गटार गाठणार होते. पुढे उड्या मारायला लागल्यावर आपल्या भाषेत पॅराशूटलाही छत्रीच म्हणतात याची मला गंमत वाटली होती. ती गंमत फार काळ टिकली नाही, कारण दोन्ही छत्र्यांशी माझे भांडण एकच निघाले.

शिकाऊ असताना माझ्या पाठीवर आधी २३० चौरस फुटांची आणि मग २१०ची छत्री होती. शिकणाऱ्याला मोठी छत्री द्यायची, हा शहाणपणा जुना आहे आणि योग्यही आहे. पण तो ज्या सरासरी शरीराकडे पाहून ठरलेला असतो, ते शरीर माझे नव्हते. तिसाव्या उडीच्या आसपासचा एक दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. जमिनीवरचा वारा नियमात बसत होता. अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेच्या नियमांत एकट्याने उडी मारणाऱ्या विद्यार्थ्यासाठी जमिनीवरच्या वाऱ्याची कमाल मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे सुमारे साडेबावीस किलोमीटर आहे, आणि अशा मर्यादा सगळ्यांना सारख्याच लागू होतात. माझी २१०ची छत्री माझ्या वजनाखाली शांत हवेत पुढे जायची तीच मुळी ताशी पंचवीस-सव्वीस किलोमीटरने. वरच्या थरात वारा याहून जोराचा होता. मी वाऱ्याकडे तोंड करून दोन्ही हात वर सोडले, ब्रेक पूर्ण मोकळे केले आणि खाली पाहिले, तर माझ्या दोन बुटांच्या मधून दिसणारे झाड मागे जाण्याऐवजी हळूहळू पुढे सरकत होते. मी उलटी चालले होते. उतरायचे मैदान समोर दिसत होते आणि ते दर क्षणाला लांब जात होते. शेवटी मी कुंपणापलीकडच्या नांगरलेल्या मातीत पाठमोरी उतरले, लोळण घेतली, आणि आता संपले असे म्हणेपर्यंत छत्री पुन्हा फुगली. लहानपणचा तोच प्रश्न, आता दोनशे दहा चौरस फुटांचा होऊन, मला ढेकळांवरून ओढत निघाला. एका बाजूचा टॉगल, म्हणजे ब्रेकच्या दोरीची मूठ, हाताखाली हात घालत ओढत राहायचे, म्हणजे छत्रीची शेपटी, तिची मागची कड, आत येते आणि ती कोलमडते, हे शिकवलेले होते. पण ते आठवेपर्यंत तीस-चाळीस पावलांचे अंतर कापून झाले होते आणि तोंडात माती गेली होती. धावत आलेल्या दादाने छत्रीवर बसून ती विझवली आणि मला उठवत म्हणाला, ‘‘अंगापेक्षा बोंगा मोठा!’’

त्याचे ते म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच १३५बद्दलचे त्याचे म्हणणे मला पटकन खोडता येत नाही. छत्रीची निवड ज्या आकड्यावर चालते त्याला सगळे विंग लोडिंग म्हणतात. विमानातून बाहेर पडताना तुमचे, कपड्यांचे, हेल्मेटचे आणि पाठीवरच्या सगळ्या सामानाचे मिळून जे वजन होते ते पौंडांत घ्यायचे आणि छत्रीच्या चौरस फुटांनी भागायचे. माझे सामान अकरा किलोंचे धरले तर एकूण एकोणसाठ किलो, म्हणजे १३० पौंड होतात. २१०खाली माझा आकडा ०.६२ येतो. नवख्याने एकाच्या पुढे जाऊ नये, हा सर्वसाधारण संकेत. पण एकाच्या फार खाली गेल्यावर काय होते, याची चर्चा मी तोवर कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती, कारण तिथवर जाणारी माणसेच थोडी असतात. छत्रीचा वेग या आकड्याच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे ०.६२ वाला माणूस एक वाल्यापेक्षा पाचव्या हिश्श्याहून अधिक मंद उडतो. शिवाय छत्रीच्या कप्प्यांत समोरून शिरणाऱ्या हवेचा जो दाब छत्रीला ताठ ठेवतो, तो वेगाच्या वर्गाबरोबर, म्हणजे थेट या आकड्याबरोबर, कमी होतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठू लागले की माझी छत्री डोक्यावर श्वास घेतल्यासारखी आखडायची आणि पसरायची, आणि शेजारी उतरणाऱ्याची छत्री मात्र फळीसारखी ताठ दिसायची. याच हिशेबाने पाहिले तर १३५खाली माझा आकडा ०.९६ येतो. दादाचे सामानासकट वजन सुमारे २२७ पौंड, आणि पहिल्या पन्नास उड्या ज्या छत्रीने त्याला सुखरूप खाली आणले ती होती २३०ची. त्याचा तेव्हाचा आकडा ०.९९ होता. म्हणजे त्याची ती गरीब, आज्ञाधारक, शिकाऊ छत्री आणि ही माझ्यापुढे ठेवलेली १३५ची छत्री या भागाकाराच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी ठरतात.

हे नाते खोटे आहे, असे मला पहिल्यांदा आमच्या छत्र्यांची देखभाल आणि दुरुस्ती करणाऱ्या रिगरकाकांनी दाखवले. ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, मी नुकतीच १७०वर स्थिरावले होते तेव्हाची. काका कमी बोलतात. मी अशाच हिशेबाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो वाचला, बाजूला सरकवला, आणि शिवणयंत्राच्या खणातून जाड दोरा काढून त्याचे दोन तुकडे केले. एक वीतभर लांब होता, दुसरा पाऊण वीत. दोन्हींच्या टोकाला एकसारखी नट बांधली आणि ते दोन्ही टेबलाच्या कडेला लटकवले. मग एकाच बोटाने दोन्ही नटांना सारखाच, अगदी बोटभर अंतराचा, धक्का दिला. लांब दोऱ्याची नट संथपणे गेली आणि संथपणे आली. आखूड दोऱ्याची तेवढ्याच धक्क्याने जास्त तिरकी झाली आणि लांब दोऱ्यावालीचा एक फेरा पुरा होण्याआधी परत फिरून पुन्हा निघालीही. ‘‘ही तू,’’ काका म्हणाले, ‘‘आणि वर टेबलाची कड आहे ती छत्री. २३०चं कापड कमी करत १३५वर आणलं तर दोऱ्याही त्याच मानाने आखूड कराव्या लागतात, पाऊणपट. आकडा तोच राहिला तरी लटकणं तेच राहील का?’’ मी बराच वेळ त्या नटांकडे पाहत बसले होते. लहान छत्री सरळ रेषेत मोठीइतक्याच वेगाने उडेलही, पण हाताच्या हालचालीला ती जे उत्तर देते ते आधी येते आणि मोठे येते. टॉगल दहा सेंटिमीटर खाली ओढला तर मोठ्या छत्रीच्या शेपटीला ती कुजबुज वाटते, लहान छत्रीच्या शेपटीचा मात्र बराच मोठा वाटा त्यात दुमडला जातो. भागाकारात हे कुठेही दिसत नाही, कारण भागाकारात दोऱ्यांची लांबी नसते आणि हाताची सवयही नसते. नेदरलँड्ससारख्या काही देशांत उड्यांच्या संख्येनुसार भाराची मर्यादा घातलेली आहेच, आणि तिच्या जोडीला छत्रीच्या किमान क्षेत्रफळाचीही मर्यादा आहे. ती दुसरी मर्यादा मला नेहमी माझ्यासारख्यांसाठीच लिहिलेली वाटते, कारण जड माणसाला पहिलीच मर्यादा आधी अडवते. निघताना काका एवढेच म्हणाले की दोन कंपन्यांच्या १५० या आकड्यावरही विसंबू नकोस, कापड मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत.

गोल छत्र्यांच्या काळात हलके असणे हे निव्वळ भाग्य होते. जॉर्जिया ब्रॉडविक नावाची एक बाई होऊन गेली, जिला तिच्या किरकोळ चणीमुळे जग टायनी म्हणूनच ओळखत असे. तिने १९१३ साली लॉस एंजेलिसवर विमानातून उडी घेतली आणि विमानातून उडी घेणारी ती पहिली स्त्री ठरली. तिचे वजन चाळीस किलोंच्या आतच होते. गोल छत्री हवेला नुसती अडवते. तिच्याखाली जो हलका तो सावकाश उतरतो, एवढाच तिचा साधा न्याय आहे. मग १९६०च्या दशकात डोमिना जालबर्ट यांनी कप्प्याकप्प्यांची, समोरून हवा भरून पंखाचा आकार घेणारी छत्री आणली, आणि छत्रीखालचा माणूस पडण्याऐवजी उडू लागला. उडायला पुढे जाणारा वेग लागतो, वेगाला वजन लागते, आणि तिथून टायनीच्या वंशजांची अडचण सुरू झाली. जुनी छायाचित्रे पाहताना तिच्या इवल्याशा शरीराला गुंडाळलेले ते बोजड पट्टे मला नेहमी ओळखीचे वाटतात.

पट्ट्यांवरून आठवले. शिकाऊ रिगचे हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे पट्टे, सगळ्यांना बसावे म्हणून बनवलेले असते, त्यामुळे मला ते कधीच बसत नसे. पायाचे पट्टे शेवटच्या टोकापर्यंत आवळले तरी, छत्री उघडल्याचा झटका बसला की मी त्या हार्नेसमध्ये चार बोटे खाली घसरायचे आणि रायझर, म्हणजे खांद्यांवरून छत्रीच्या दोऱ्यांकडे जाणारे पट्टे, कानांच्याही वर जायचे. टॉगल त्याहून वर लटकत असत. ते धरायला मला खांदे उचलून अक्षरशः लोंबकळावे लागे, आणि उतरताना फ्लेअर देण्यासाठी, म्हणजे दोन्ही टॉगल ओढून छत्रीचा वेग मोडण्यासाठी, हात पूर्ण खाली आणले तरी माझ्या आखूड हातांची पूर्ण खोली म्हणजे त्या मोठ्या छत्रीसाठी जेमतेम पाऊण खोली होई. मला वाटे की मला फ्लेअर जमत नाही. काकांनी पुढे मला दोरीवर टांगून, हात वर-खाली करायला लावून, टेपने माप घेतले आणि माझ्या १७०च्या ब्रेकच्या दोऱ्या थोड्या आखूड करून दिल्या. जास्त केल्या नाहीत, कारण हात वर असताना त्या दोऱ्यांना मागे कमानीसारखा थोडा झोल हवाच, नाही तर छत्री सदैव अर्धा ब्रेक दाबून उडते. त्या दोन इंचांनी माझ्या उतरण्यात जो फरक पडला, तो छत्रीचे एक अख्खे माप बदलून पडला नसता. मला याचे थोडे दुःखही वाटते. कितीतरी हलक्या मुलींना ‘तुझी छत्री तुला मोठी होते’ असे सांगितले जात असेल, आणि खरे तर मोठे होत असेल ते हार्नेस.

तरी मी घाई केलीच. १७०खाली माझा आकडा ०.७६ होता, वारा जरा वाढला की मी अजूनही मैदानाच्या अलीकडे लटकत राहायचे, आणि बरोबरचे सगळे खाली उतरून घडी घालायला लागलेले असायचे. बहात्तराव्या उडीला मी एका मैत्रिणीची १५०ची रिग मागून घेतली. ०.८७ हा आकडा एकाच्या बराच आत होता आणि माझ्या मनाला तेवढा दाखला पुरेसा होता. वरच्या उंचीवर ती छत्री मला फार आवडली. पहिल्यांदाच वाऱ्याच्या विरुद्ध तोंड केल्यावर जमीन योग्य दिशेने सरकत होती, पहिल्यांदाच छत्री डोक्यावर ताठ होती, आणि मला वाटले की इतके दिवस आपण उगाच भिजलेली गोधडी पांघरून उडत होतो. शेवटचा टप्पाही सरळ आला. जमीन तीन-चार मीटर उरली असताना एका झुळुकीने छत्रीची उजवी बाजू किंचित उचलली आणि मी डावीकडे कलले. मी डावा हात जमिनीकडे केला. ठरवून केला नव्हता. पडणारा प्रत्येक माणूस करतो तसा, आधारासाठी, तो आपोआप खाली गेला. पण त्या हातात टॉगल होता. छत्रीने ती आज्ञा समजून तत्काळ पाळली, आणखी डावीकडे वळली, आणि मी कंबरेच्या हाडावर आणि त्याच हातावर आदळले. मनगटाला बारीक चीर गेली आणि सहा आठवडे प्लास्टर राहिले.

त्या सहा आठवड्यांत माझ्याकडे रिकामा वेळ बराच होता, म्हणून मी माझे उड्यांचे पुस्तक पहिल्यापासून वाचून काढले. त्यात माझ्याच अक्षरात, वेगवेगळ्या तारखांखाली, पाच ठिकाणी जवळजवळ एकच वाक्य सापडले: उतरताना डावीकडे घसरले, पॅन्टला गवताचे डाग. पाच वेळा मी तोच हात तसाच खाली केला होता. २१०ने आणि १७०ने ती चूक पोटात घातली होती, आणि पोटात घातलेली चूक मला कधी दिसलीच नव्हती. १५०ने फक्त ती दाखवली, तीही पुरती रागाने नव्हे. १३५ असती तर तीच झुळूक आणि तोच हात घेऊन मी कोणत्या अंशात वळले असते, याचा हिशेब मी प्लास्टरवर पेन्सिलीने मांडायचा प्रयत्न केला होता आणि सोडून दिला होता. पूर्ण उघडलेल्या, काहीही न बिघडलेल्या छत्रीखाली, जमिनीलगत घेतलेल्या वळणाने माणसे जबर जखमी होतात आणि दगावतातही, हे या खेळातले सर्वांना ठाऊक असलेले सत्य आहे. ठाऊक असणे आणि आपल्या पुस्तकात आपल्याच अक्षरात वाचणे यांत मात्र फरक आहे.

प्लास्टर निघाल्यावर काकांनी मला पुन्हा १७०वर बसवले आणि कामे नेमून दिली. दोन्ही टॉगल अर्धे ओढून त्यातल्या एकानेच, उंची न घालवता, सपाट वळायचे. अर्ध्या ब्रेकमधूनच फ्लेअर देऊन उतरायचे. वर पुरेशी उंची असताना छत्री हळूहळू थांबवत न्यायची आणि ती कोसळण्याच्या आधी हाताला काय सांगते ते ऐकायचे. मंद वाऱ्यात आडवे उतरायचे आणि तरीही ठरवलेल्या खुणेच्या जवळपास पाय टेकवायचे. या सगळ्याला मला जवळपास ऐंशी उड्या लागल्या. इतरांना इतक्या लागल्या नसत्या, कारण इतरांना वारा थोडा कमी अडवतो आणि त्यांना एका दिवसात जास्त उड्या मिळतात. डाव्या हाताचे खूळ जाण्यासाठी तर मी जमिनीवर, रस्त्याने चालतानासुद्धा, ठेच लागली की दोन्ही मुठी छातीशी आणायचा सराव केला. बघणाऱ्यांना ते नमस्कारासारखे वाटत असावे. त्यानंतर मी १५०वर परत आले, आणि आता ती माझी स्वतःची आहे.

या हिशेबात शिशाचाही वाटा आहे, आणि त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. हलका माणूस छत्री उघडण्याआधीही हळू पडतो. चारजणांनी हात धरून पडायचे ठरवले की तिघे खाली निघून जातात आणि मी वर एकटी तरंगत राहते, जणू कोणी बोलावलेच नाही. त्यावर उपाय म्हणून मी कमरेला चार किलो शिसे बांधते. आधीच चाळीस किलोंच्या मुलीसारखी दिसणारी मी विमानात चढताना शिशाच्या पट्ट्याने खुळखुळते आणि वैमानिक दर वेळी हसतो. पण शिसे काही वर राहत नाही, ते माझ्याबरोबर छत्रीखालीही येते. १३० पौंडांचे १३९ होतात. १५०खाली ०.८७चा आकडा ०.९३ होतो, आणि दादाच्या त्या १३५खाली तो १.०३ झाला असता. शिवाय हा सगळा हिशेब समुद्रसपाटीच्या हवेचा आहे. दीड हजार मीटर उंचीवरच्या मैदानात हवा सुमारे चौदा टक्के विरळ असते, आणि तिथे १३५ची छत्री वेगाच्या बाबतीत ११६ची असल्यासारखी येते. दुपार तापलेली असेल तर आणखी लहान. कापडावर शिवलेला आकडा दर उडीला असा थोडाथोडा आटत असतो.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी ती १३५ची रिग पाठीवर चढवून पाहिली. खोटे कशाला बोलू, ती सुरेख बसली. खांद्यांवरून पट्टे घसरत नव्हते, कंबरेखाली काही लोंबत नव्हते, आरशात मी प्रथमच एखाद्या चित्रातल्या उडीबहाद्दरासारखी दिसत होते आणि माझ्या मोठ्या रिगमध्ये दिसते तशी दप्तर घेतलेली शाळकरी मुलगी दिसत नव्हते. ‘तुझ्याच मापाची’ म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळले. ते पाठीचे माप होते. मग मी ती उतरवली आणि छोट्या खिशातले राखीव छत्रीचे कार्ड बाहेर काढून दिव्याखाली धरले. त्यावर ११३ असे लिहिले होते. साहजिकच होते, कारण एवढ्या लहान पेटीत याहून मोठी राखीव मावणार कुठे? शिशासकट भागले तर १.२३. मुख्य छत्री निवडायला आपण महिनोन्महिने घालवतो, आणि राखीव तिच्या पाठोपाठ पेटीच्या मापाने गुपचूप लहान होत जाते. ती उघडण्याची वेळ येईल तेव्हा बहुधा उंची कमी असेल, मैदान लांब असेल, मन थाऱ्यावर नसेल. मी शुद्धीवर नसताना ती यंत्राने उघडली, तर फ्लेअर द्यायला कोणीच नसेल. माझ्या पाठीवरची राखीव १४३ची आहे, आणि तिच्यामुळेच माझी रिग मला थोडी मोठी होते. मी कार्ड होते तसे खिशात ठेवले आणि रिग खुंटीवर अडकवली.

दादाला मी हे सगळे सांगितले नाही. सांगायला घेतले असते, तर ‘‘मग उलटी उडालेली विसरलीस का?’’ असे त्याने विचारले असते, आणि मी ते विसरलेले नाही. आजही वारा ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे गेला की मी विमानात चढत नाही. १३५ असती तर कदाचित चढले असते. काल दुपारी असाच वारा होता. मी मैदानाच्या कडेला, शिशाचा पट्टा मांडीवर घेऊन बसले होते, आणि हातातल्या वाऱ्याच्या यंत्रावर चोवीस, एकवीस, सत्तावीस असे आकडे येत-जात होते. डोक्यावरून एकेक छत्री शीळ घालत गेली आणि उतरली. दादा उतरला, कापड गोळा करून खांद्यावर टाकत माझ्याजवळ आला.

‘‘आज नाही का गं?’’

‘‘वारा पडू दे, दादा.’’

तो थोडा वेळ उभा राहिला, मग धापा टाकत शेजारी बसला आणि माझ्या मांडीवरचा पट्टा उचलून त्याने वजनाचा अंदाज घेतला. समोर वारा दाखवणारा कापडी विंडसॉक खांबाला काटकोनात ताणलेला होता. मध्येच तो सैल पडला, टोक खाली झुकले, मी अर्धी उठले. तेवढ्यात तो पुन्हा भरला.